एक नग, परतीच्या अटीवर

"ह्यांचं काय लिहू?" कॉलेजच्या ऑफिसातल्या भस्मे भाऊसाहेबांनी पेनाचं टोक माझ्याकडं रोखून विचारलं.

टेम्पोच्या हौद्यात एक व्हॅक्यूम पंप होता, गोधडीत गुंडाळलेली काचेची हंडी होती आणि त्या हंडीला कवेत धरून मी बसलो होतो. सकाळचे साडेसात वाजले होते. ड्रायव्हर मलकारीनं इंजिन चालूच ठेवलं होतं, त्यामुळं आम्ही तिघंही, म्हणजे पंप, हंडी आणि मी, एका तालात थरथरत होतो.

"काही लिहू नका," मी म्हणालो. "मी माणूस आहे."

"ते मला दिसतंय. पण पलीकडच्या प्राचार्यांचं पत्र आलंय." भाऊसाहेबांनी खिशातून कागद काढून वाचला. "'एक दिवसाकरिता खालीलप्रमाणे पाठवावे. एक, निर्वात पंप. दोन, काचेची हंडी. तीन, रुपनर.' तीन नंबरला तुम्ही आहात. जे गेटमधून बाहेर जातं आणि परत यायचं असतं, त्याला गेटपास लागतो."

आमच्या मंडळाची दोन कॉलेजं. सीना नदीच्या अलीकडं एक, पलीकडं एक, मध्ये चाळीस किलोमीटर रस्ता. सामान मात्र दोन्ही मिळून एकाच कॉलेजपुरतं. तपासणी समिती अलीकडं आली की पलीकडचं सामान इकडं यायचं, पलीकडं गेली की इकडचं तिकडं. माणसांचंही तेच. आदल्या वर्षी आमच्याकडं पलीकडून एक ग्रंथपाल, दोन कपाटं आणि मुलींच्या खोलीतला आरसा आला होता. समिती आरशावर फार खूश झाली होती.

मी चार वर्षं अलीकडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो, पण तासावर. तास सुरू झाला की मी असायचो, घंटा झाली की नसायचो. मस्टरवर माझी ओळ नव्हती, ओळखपत्र नव्हतं. वार्षिक फोटोत मी होतो, पण खाली नावं छापताना 'मागे उभे' मध्ये एक नाव कमी पडलं होतं, ते माझं. पलीकडं एक जागा रिकामी होती. आजची समिती सुखरूप पार पडली तर त्या जागेची पक्की ऑर्डर मला मिळणार होती. प्राचार्य हत्ताळे सरांनी तसं फोनवर सांगितलं होतं. म्हणून मी हंडी धरून बसलो होतो.

"डेडस्टॉक नंबर?" भाऊसाहेबांनी पुढचा रकाना घेतला.

आमच्या कॉलेजात प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घातलेला असायचा. फळ्यावर, पंख्यावर, कंपासपेटीवर.

"मला नंबर नाही, भाऊसाहेब."

"माठाखालच्या तिवईला आहे."

"माहिती आहे."

"मग तुम्हाला कसा नाही?"

ह्याचं उत्तर खरं तर त्यांनीच द्यायला हवं होतं, मस्टर त्यांच्याकडंच असायचं. त्यांनी त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. मग स्थितीचा रकाना आला. पंपापुढं त्यांनी 'चालू' लिहिलं. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्यापुढं 'वरीलप्रमाणे' लिहिलं.

"पाच वाजेपर्यंत तिन्ही बाबी परत," ते म्हणाले. "पाच वाजून एक मिनिट झालं तर मी वर कळवणार." भाऊसाहेबांनी आयुष्यात कुठलाच कागद एका प्रतीत काढला नव्हता. पांढरी प्रत त्यांनी मलकारीला दिली, गुलाबी गेटवर ठेवली, पिवळी वहीत राहिली.

---

पलीकडं हत्ताळे सर मागच्या दाराशी ब्रश घेऊनच उभे होते. पंप उतरला तसा त्यांनी त्याच्यावरचा आमचा नंबर रॉकेलनं पुसला आणि तिथं पांढऱ्या रंगानं त्यांचा नंबर काढला. मग ब्रश हातात तसाच धरून माझ्याकडं वळले. क्षणभर मला खरंच वाटलं, की आता माझा नंबर.

"ए तासवाले," ते म्हणाले. माझं नाव ते कधी घेत नसत, पत्रात घेतलं तेवढंच. "हा कोट घाल. आजच्या दिवस तू डॉक्टर आवटे."

डॉ. आवटे तीन वर्षांपूर्वी राजीनामा देऊन पुण्याला गेले होते. विभागाच्या फळ्यावर त्यांचं नाव मात्र तसंच होतं आणि मस्टरवर त्यांची सही रोज व्हायची, तीही आता पहिल्यापेक्षा वळणदार. काळा कोट त्यांचाच होता. त्यात मी आणि ती हंडी दोघंही मावलो असतो.

"तोंड उघडायचं नाही. काही विचारलं तर 'होय मॅडम'. बाई नागपूरच्या आहेत, डोक्यानं तिखट आहेत. तू हुशारी दाखवलीस तर ह्या जिल्ह्यातल्या एकाही कॉलेजच्या पायरीवर तुला उभा राहू देणार नाही."

"आणि ऑर्डर, सर?"

त्यांनी शर्टाच्या खिशावर थाप मारली. कागद वाजला. "टाइप झालीय. समितीची गाडी गेटाबाहेर पडली की सही."

"बघू का?"

"ओळखतोस का तू मला?" हत्ताळे सर म्हणाले. त्यांच्या भाषेत ह्याचा अर्थ नाही असा होता.

---

समितीच्या डॉ. देवपुजारी मॅडम दुपारी तीनला प्रयोगशाळेत आल्या. साठीच्या असाव्यात. खांद्याला कापडी पिशवी, आणि चहाच्या कपाकडं त्यांनी असं पाहिलं, की कपच मागं सरकला.

"तुम्ही डॉक्टर आवटे?"

"होय मॅडम."

त्या माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. मग स्टूल ओढून बसल्या. "दाखवा काय दाखवता ते."

मी हंडीखाली सेलवरचं गजराचं घड्याळ ठेवलं, गजर लावला आणि पंप सुरू केला. गजर बारीक होत होत गेला. शेवटी आतला टोला नुसताच हलताना दिसत राहिला.

"काय उरलं आत?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम!" हत्ताळे सर पुढं झाले. "एकदम कडक निर्वात. आमच्या विभागात काहीही नाही."

"ते दिसून राहिलं मला. मी ह्यांना विचारलं."

"होय मॅडम," मी म्हणालो.

"होय काय?"

"होय, उरतं."

"हवा उरते. हा पंप काही इतका चांगला नाही. पण समजा सगळं काढलं. घड्याळ काढलं, शेवटचा रेणू काढला, उजेडही काढला. मग?"

हत्ताळे सरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण हा तास मी चार वर्षांत अकरा वेळा घेतला होता आणि अकरा वेळांत कुणी मला 'मग?' म्हणून विचारलं नव्हतं.

"तरी ते गप्प बसत नाही, मॅडम. थरथर राहतेच. अगदी शून्यावर स्थिर बसायची तिथं सोयच नाही. मुलांना मी सांगतो, की तिथं कण जोडीनं येतात, इवलासा वेळ राहतात आणि कुणी मोजायच्या आत परत जातात. आभासी कण."

"म्हणजे उसने आणायचे आणि वेळेत परत करायचे. असंच ना? सोप्या पुस्तकांतला कचरा आहे तो. गणितात असं कोणी येत नाही आणि कोणी जात नाही. समीकरणातल्या पदांना तुम्ही लोकांनी पाय फोडून दिले."

"मान्य आहे. पण बीएस्सीच्या वर्गाला नुसतं पद दाखवलं तर वर्ग उठून जातो. पाय फोडले की बसतो."

मॅडम हसल्या नाहीत. "खरे की खोटे ते सांगा."

"एकटा पकडून दाखवता येत नाही. कुठल्याच यंत्रात त्याची नोंद होत नाही. पण तो नाहीच असं धरून चाललं, तर बाकीच्यांची गणितं चुकतात. धातूच्या दोन पट्ट्या निर्वातात अगदी जवळ आणा, केसाच्या शंभराव्या भागाइतक्या. मध्ये काही नाही, बाहेर काही नाही, तरी त्या एकमेकींकडं ओढल्या जातात. मोजलंय लोकांनी."

हत्ताळे सरांचा पाय आता माझ्या पायावर पूर्ण वजनानिशी होता.

"आणि हा तुमचा पाय फुटलेला, तो खरा होतो कधी?"

"होतो. आरसा फार वेगानं हलवला तर. साधा आरसा तसा हलत नाही, पण आरशाचं काम करणाऱ्या सर्किटात करून पाहिलंय. परत जायची वाट मोडते आणि तो सुटतो. खरा उजेड म्हणून बाहेर पडतो."

"फुकट?"

"नाही. आरशाला ज्यानं ढकललं, त्याची ऊर्जा जाते."

मॅडम काहीतरी लिहू लागल्या. माझे कान तापले होते. मी आवटे आहे, हे मी केव्हाच विसरून गेलो होतो.

तेवढ्यात मलकारी आत आला. हातात पांढरी प्रत होती.

"चला की ओ सर," तो मला म्हणाला. "चार वाजाय आलं. पाचच्या आत पंप, काचंची हंडी आन् तुमी, तिगंबी गेटात पायजेत. भस्मे सायेब घड्याळ घिऊन हुबं ऱ्हात्यात."

हंडीत टोला हलत होता.

"हा कँटीनचा माणूस," हत्ताळे सर म्हणाले. "थोडा हा आहे." त्यांनी कपाळाशी बोट फिरवलं.

"कँटीन?" मलकारीला ते लागलं. "सकाळी तुमीच की ओ म्हणला फोनवर, त्या तासवाल्याला मागच्या दारानं आण म्हून!"

मॅडमनी हात पुढं केला. मलकारीनं गेटपास दिला. त्याला वाटलं, सही करणाऱ्या बाई ह्याच. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "बाब तीन. रुपनर. नग एक. डेडस्टॉक नंबर, रेघ. स्थिती, वरीलप्रमाणे." माझ्याकडं पाहिलं. "वरीलप्रमाणे म्हणजे?"

"पंपासारखी, मॅडम. चालू."

"हे सगळं कारकुनाचं—" हत्ताळे सरांनी सुरुवात केली.

"तुम्ही थांबा जी. आवटेंच्या प्रबंधाची परीक्षक मी होते. दोन तास माझ्यापुढं घाम पुसत होते ते. एक तर त्यांना टक्कल होतं, आणि दुसरं, ह्या विषयातलं त्यांना एक अक्षर येत नव्हतं. ह्या मुलाचे केस पाहून मला शंका आली. त्यानं तोंड उघडलं, तेव्हा खात्री पटली." त्यांनी पिशवीतून 'उपस्थित शिक्षक' असा कागद काढला आणि माझ्यापुढं सरकवला. "पाच मिनिटं देते. सही करा. कोणत्या नावानं करायची ते तुम्ही ठरवा. खोटी केली तर मी पोलिसात देईन."

"आणि खरी केली तर?"

"तर हे देतील," त्या हत्ताळे सरांकडं न पाहता म्हणाल्या आणि उठून पंप पाहू लागल्या. नंबरावर बोट टेकवलं. बोट पांढरं झालं.

हत्ताळे सरांनी मला दंडाला धरून कपाटामागं ओढलं. खिशातला कागद काढून माझ्या नाकापुढं धरला. मंडळाचा छापील मथळा, खाली 'श्री. निशांत म. रुपनर', खाली 'कायम'. माझं पूर्ण नाव त्या मथळ्याखाली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"दिसली? आता मी सांगतो तसं लिही. मी बाहेरचा माणूस आहे, ह्या संस्थेशी माझा काहीही संबंध नाही, मी आपण होऊन फसवून आत शिरलो. लिहून बाईंना दे. उद्या सकाळी ही तुझी."

"पोलीस?"

"मिटवतो."

"पण सर, संबंध नाही म्हणून आज लिहिलं, तर उद्या ऑर्डर कशी?"

"उद्यापासून संबंध. आजपर्यंत नव्हता."

"चार वर्षं शिकवतोय मी."

"असं?" हत्ताळे सर पहिल्यांदाच गोड हसले. "कुठं लिहिलंय?"

मला ती ऑर्डर हवी होती. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढच्या दोन मिनिटांमुळं मी उगीच मोठा माणूस वाटेन. आई दर रविवारी फोनवर 'झालं का रे?' म्हणायची. मी 'होतंय' म्हणायचो. हे इतकी वर्षं चाललं होतं, की आता ती 'होतंय का रे?' म्हणायला लागली होती. मी पेन उघडलं. काय लिहायचं ते मनात जुळवलंही. 'संबंध नाही' पर्यंत आलो आणि हत्ताळे सरांचा प्रश्न पुन्हा आडवा आला. कुठं लिहिलंय? आणि त्याला उत्तर होतं. चार वर्षांत पहिल्यांदाच होतं. आज सकाळीच मिळालं होतं.

"गेटपासवर," मी म्हणालो.

"काय?"

"गेटपासवर लिहिलंय, सर. बाब तीन."

आणि कपाटामागून बाहेर येऊन मी मॅडमच्या कागदावर सही केली. निशांत मधुकर रुपनर. पुढच्या रकान्यात 'हुद्दा' होता. तिथं मी आडवी रेघ मारली.

हत्ताळे सरांनी दोन्ही हातांनी मला छातीत ढकललं. मी स्टुलावर, स्टूल टेबलावर, आणि हंडीखालचा झडपेचा नळ निसटून हवा सूं करून आत शिरली. मेलेला गजर एकदम केकाटू लागला. त्या आवाजात सरांनी ऑर्डरचे चार तुकडे केले, मग आठ केले. सोळाला कागद हटून बसला.

"पंप घे, हंडी घे, आणि नीघ!" ते मलकारीवर ओरडले. "ह्याला टेम्पोत घेतलंस तर तुझी नोकरी गेली म्हणून समज. हा आमचा माणूस नाही!"

"पन सायेब, ह्याच्यावर तीन हायेत," मलकारी टेबलावरचा गेटपास उचलून दाखवत म्हणाला. "दोनच नेलं तर भस्मे सायेब मला आत घेत न्हाईत. तसं लिवून तरी द्या."

सरांनी कागद हिसकावला आणि मागच्या बाजूला लिहिलं, 'बाब तीन येथे ठेवून घेतली.' खाली सही ठोकली. काय लिहिलं ते त्यांनी वाचलं नसावं. मॅडमनी वाचलं. त्यांनी तेही उतरवून घेतलं.

जाताना त्या दारात थांबल्या. मला वाटलं, आता काही चांगलं म्हणतील.

"शिकवता बरं," त्या म्हणाल्या. "खोटं फार वाईट बोलता. ढकलल्यावर मात्र बरे बाहेर पडता." आणि गेल्या.

कोट मी आवटेंच्या खुंटीला अडकवला. छातीवर सरांच्या हातांना लागलेल्या नंबराच्या रंगाचे दोन पांढरे पंजे उमटले होते. मग फाट्यापर्यंत चालत गेलो आणि तिथून एसटीनं थेट घरी. अलीकडं गेलो नाही. पुन्हा कधीच गेलो नाही.

पलीकडच्या कॉलेजला आदल्या खेपेपेक्षा एक श्रेणी खालची मिळाली. गेटावर 'घवघवीत यश' असा फलक लागला.

---

ह्याला सहा वर्षं झाली. मी आता परभणीकडं एका ज्युनिअर कॉलेजात आहे, मस्टरवर चौथी ओळ. ह्या जूनमध्ये एक पोस्टकार्ड आलं. 'तीस तारखेस सेवानिवृत्त होत आहे. एक नोंद उघडी आहे. प्रत्यक्ष यावे. भस्मे.'

का कुणास ठाऊक, गेलो.

भाऊसाहेब गेटच्या आत टेबल टाकून बसले होते. नमस्कार-चमत्कार काही नाही. त्यांनी फाइल उघडली.

"सहा वर्षं, सहा स्मरणपत्रं. 'आमचेकडील बाब तीन, रुपनर, एक नग, आपण ठेवून घेतल्याचे लेखी दिले असून अद्याप परत मिळालेला नाही.' आणि ही हत्ताळ्यांच्या ऑफिसची उत्तरं. 'सदर नग येथे आढळून येत नाही. शोध चालू आहे.'"

सहाही उत्तरांवर हत्ताळे सरांची सही होती. सहा वर्षं ते मला शोधत होते.

"माझ्या छत्तीस वर्षांत एक नोंद उघडी राहिलेली नाही," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "तुमच्यामुळं माझं शेवटचं पान बंद होत नाही. आत या, 'परत मिळाला' म्हणून सही करा, आणि सुटा."

"आत आलो तर काय होईल?"

"होतंय काय? नग गेला होता, आला. पान बंद. पाच वर्षांनी फाइल जाळतात."

माझ्या चार वर्षांचा तेवढाच कागद त्या फाइलीत होता. मी गेटच्या लोखंडी पट्टीच्या बाहेर उभा होतो. पट्टीवरसुद्धा डेडस्टॉक नंबर होता.

"दुसरा मार्ग नाही का?"

"निर्लेखन. मोडीत काढायचं. पण त्याला नग निकामी असावा लागतो." त्यांनी चष्मा सारखा करून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी त्या सकाळसारखं. "तसे तुम्ही दिसत नाही."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर माझ्यामागं जो येईल, त्यानं दर जूनला पत्र पाठवायचं. तिकडच्यानं उत्तर द्यायचं. नियम आहे. हे संपणारच नाही मग!"

"राहू दे मग."

"काय राहू दे?"

"उघडी राहू दे, भाऊसाहेब."

ते माझ्याकडं असे पाहत राहिले, की त्या क्षणी हाताशी असता तर पंप फेकून मारला असता. मग त्यांनी वही ओढली, कार्बन घातले, पेन झटकलं आणि शेराच्या रकान्यात दात-ओठ खात, पण सुवाच्य अक्षरात लिहिलं. वही फिरवून पट्टीवरून माझ्यापुढं धरली.

'बाब तीन. नग चालू स्थितीत. परत येण्यास नकार.'

"पूर्ण नाव घाला," भाऊसाहेब म्हणाले. "तिन्ही प्रतींवर."

मी घातलं.